कळांचं इंजेक्शन : भीती, घाई आणि मात्रा



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. आपण हा विषय देवळात भेटल्यावर एकमेकींच्या कानात बोलतो, मोठ्यानं बोलत नाही. निमित्त आमच्या घरातलंच आहे.

माझी पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे नृसिंहवाडीला आली आहे. दिवस पावसाळ्याचे. आमच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांचा शेजार. पाणी चढलं की दत्त मंदिरात दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, लोक स्नानाला धावतात. पण घरात अवघडलेली मुलगी असली की आमचं लक्ष पाण्याच्या पातळीकडे. २०१९ चा महापूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्यात ही धास्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यात पुतणीची तारीख उलटली. एक्केचाळीस आठवडे भरले. डॉक्टर म्हणाल्या, "सोमवारी दाखल करा, कळा सुरू करायचं औषध देऊ."

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन हरकती घेतल्या. पहिली : "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. फळ पिकलं की आपोआप गळतं. इंजेक्शन देऊन कळा आणायच्या म्हणजे घाई." दुसरी त्यांनी हळू आवाजात सांगितली : "ते औषध जनावरापासून काढतात म्हणे. आपल्याला चालेल का ते?"

पुतणी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तू एवढं वाचतेस, तूच सांग." मी म्हटलं, दोन दिवस दे. मी डॉक्टर नाही. पण वाचताना कळलं की सासूबाईंच्या दोन्ही हरकती अडाणीपणाच्या नाहीत. दोन्हींच्या मागे खरा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की भीती आणि सावधगिरी यातला फरक कळतो.

सुईणीची वाट पाहणं

सासूबाईंची पहिली हरकत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत आणि चरकसंहितेत स्पष्ट बजावलं आहे की कळ आल्याशिवाय बाईला जोर करायला लावू नये. वेळेआधी जोर केला तर आईला आणि बाळाला दोघांनाही अपाय होतो. म्हणजे घाईची भीती दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनाही होती.

आपल्या आज्यांच्या काळी सुईण यायची, पोट चाचपायची, तेल लावायची, गरम पाण्याचा शेक द्यायची. कळा मंदावल्या तर बाईला उठवून फिरवायची. कुठे एरंडेल पाजायचे, कुठे काढा. शहाणी सुईण वाट पाहायची. पण नुसती वाट पाहून सगळ्या बाया वाचत नव्हत्या, हेही खरं. मूल आडवं असलं, रक्त थांबेना, झटके आले, तर सुईणीच्या हातात काही उरत नसे. सासूबाई "आमच्या वेळी" म्हणतात तेव्हा त्यांच्याच दोन चुलत सासवा बाळंतपणात गेल्याचं त्या विसरत नाहीत. फक्त ते त्या वाक्यात येत नाही.

याच दुःखातून आपल्या महाराष्ट्रातली पहिली डॉक्टरीण घडली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकायला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आणि त्यांना पहिली नेमणूक देऊ केली ती आपल्या कोल्हापूर संस्थानानं : अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तेच हे हॉस्पिटल. आनंदीबाई क्षयानं आजारी होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या बायकांना त्या भेटल्याच नाहीत. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी त्याच हॉस्पिटलात बायकांवर उपचार केले. सीपीआरच्या दारातून आत जाताना मला दर वेळी आनंदीबाईंची आठवण होते.

गाईच्या मेंदूतली ग्रंथी

आता औषधाचा इतिहास. युरोपातल्या सुइणी राय नावाच्या धान्यावर पडणारी एक काळी बुरशी कळा वाढवायला वापरायच्या. तिचं नाव अर्गट. १८०८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एका डॉक्टरानं तिची स्तुती केली आणि डॉक्टर मंडळी ती सर्रास देऊ लागली. बाळंतपण लवकर उरकतं म्हणून सगळे खूश. पण अर्गटनं गर्भाशय एकदा आवळलं की सुटत नाही. बाळाला श्वासाची उसंत मिळत नाही. मेलेली बाळं जन्मू लागली, काही आयांची गर्भाशयं फाटली. १८२४ पर्यंत न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी इशारा दिला की हे औषध बाळ बाहेर आल्यावर रक्त थांबवण्यापुरतंच ठेवा. आजही तसंच आहे. मेथर्जिन हे याच घराण्यातलं औषध, आणि ते बाळ जन्मल्यावरच देतात.

मग १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांना आढळलं की बैलाच्या मेंदूच्या तळाशी जी वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी असते, तिच्या मागच्या भागाचा अर्क दिला की गाभण मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. १९०९ मध्ये ब्लेअर-बेल या इंग्रज डॉक्टरांनी तो बायकांच्या बाळंतपणात वापरल्याचं लिहिलं. पुढची चाळीसेक वर्षं कळांचं इंजेक्शन म्हणजे कत्तलखान्यात मारलेल्या जनावरांच्या ग्रंथींचा अर्क. सासूबाईंच्या कानावर आलेली गोष्ट खरीच होती. त्यांच्या सासूच्या काळात ती पूर्ण खरी होती.

त्या काळात अर्गटचीच चूक पुन्हा झाली. अर्काची ताकद एका बाटलीत कमी, दुसरीत जास्त. आणि तो स्नायूत एकदम टोचून मोकळे व्हायचे. एकदा आत गेलेलं औषध परत काढता येत नाही. गर्भाशय फाटण्याच्या घटना पुन्हा सुरू झाल्या.

दोन गोष्टींनी हे बदललं. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेफ्री थिओबाल्ड यांनी हे औषध सलाइनमध्ये अगदी थोडं मिसळून थेंबथेंब शिरेतून द्यायला सुरुवात केली. कळा जास्त झाल्या की नळी बंद करायची. शिरेतलं औषध काही मिनिटांत ओसरू लागतं. आणि १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी या संप्रेरकाची रचना शोधून तो प्रयोगशाळेत तयार केला. त्यासाठी १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्या संप्रेरकाचं नाव ऑक्सिटोसिन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ "लवकर बाळंतपण". हॉस्पिटलात "पिटोसिन" म्हणतात ते हेच.

म्हणून सासूबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आज जे ऑक्सिटोसिन बाईला देतात ते कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. त्यासाठी जनावर मारत नाहीत. खाली ज्या मिसोप्रोस्टॉल गोळीबद्दल लिहिलं आहे, तीही प्रयोगशाळेतली. तिचा शोध लागताना जनावरांवर प्रयोग झाले, हे मी लपवत नाही. आपल्याला त्याची हळहळ वाटणारच. पण "या बाटलीसाठी आज एक जीव गेला का?" याचं उत्तर नाही असं आहे. आणि आईचा, बाळाचा जीव वाचवणं हाही जीवदयेचाच भाग आहे.

म्हशीचा पान्हा आणि दिल्लीचं कोर्ट

एक गोष्ट मात्र आपल्या मनाला लागायला हवी. हेच ऑक्सिटोसिन गोठ्यातही पोचलं. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते ती आपण सगळ्यांनी सोसली आहे. ती याच संप्रेरकामुळे, कारण पान्हा सोडायचं आणि गर्भाशय आवळायचं अशी दोन्ही कामं तो करतो. म्हणून रेडकू मेलेली म्हैस पान्हावत नसेल तर काहीजण रोज तिला इंजेक्शन टोचू लागले. आपल्या भागात बासुंदी-पेढ्याला दुधाची चणचण नको, म्हणून दूध काढण्याची घाई कुणालाही पडू शकते. पण दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमानं गुन्हा आहे.

हा गैरवापर थांबवायला केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली. फक्त बंगळुरूच्या एका सरकारी कंपनीनं ते बनवायचं, असा हुकूम निघाला. हेतू चांगला होता, पण बाळंतिणीचं रक्त थांबवायला हेच औषध लागतं. एकाच कारखान्यावर सगळा देश अवलंबून राहिला आणि पुरवठा अडला तर? डॉक्टर आणि रुग्णांच्या बाजूच्या संघटना कोर्टात गेल्या. १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली.

मला या प्रकरणात दोन्ही बाजूंचं दुःख दिसतं. म्हशीवरचा जुलूम थांबायलाच हवा. पण त्यासाठी बाळंतिणीचं औषध तोडणं हा मार्ग नव्हे. दूध घेताना आपण गवळ्याला "इंजेक्शन देता का?" एवढं विचारायला लागलो तरी बरंच होईल.

एक गोळी, दोन मात्रा

आता मिसोप्रोस्टॉल. ही गोळी १९७३ मध्ये अमेरिकेत पोटातल्या अल्सरसाठी तयार झाली. तिनं गर्भाशय आवळतं हे पुढे लक्षात आलं. तिची दोन मोठी फायद्याची गुणं आहेत : स्वस्त आहे, आणि थंडीत ठेवावी लागत नाही. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. पुरात लाईट गेली, फ्रीज बंद पडला, की त्याची ताकद घटू लागते. वाडीत राहणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

ही गोळी खेड्यात किती कामी येते याचा मोठा अभ्यास आपल्या शेजारीच झाला. शिरोळ तालुक्याला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात. आपल्या किती लेकी तिकडे दिल्या आहेत! २००२ ते २००५ या काळात तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी गावोगावच्या नर्सबाईंच्या हातून १६२० बायांना बाळंतपणानंतर लगेच गोळी दिली. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. ज्यांना नुसती मिळाली त्यांच्यापैकी १२ टक्के बायांना जास्त रक्तस्राव झाला. ज्यांना खरी मिळाली त्यांच्यात ६.४ टक्के. दर अठरा बायांमागे एक वाचली. २००६ मध्ये हे जगभरातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं आणि घराघरातल्या बाळंतपणासाठी या गोळीची वाट मोकळी झाली.

तेव्हा मात्रा होती ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बाजारातल्या २०० च्या तीन गोळ्या. पण हे बाळ बाहेर आल्यानंतर. बाळ पोटात असताना कळा सुरू करायला जी मात्रा द्यायची ती आहे २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे २०० च्या गोळीचा आठवा हिस्सा. आधीची आणि नंतरची मात्रा यात चोवीस पटींचा फरक. हाच आकडा मी घरात सगळ्यांना पाठ करायला लावला. ब्लेडनं गोळीचे तुकडे करून अंदाजानं देणं, किंवा "तिच्या सुनेला हीच गोळी दिली होती" म्हणून ओळखीतून आणून घरी देणं, यात काय होऊ शकतं हे त्या आकड्यावरूनच कळतं.

कमी मात्रेचा पुरावाही आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१३ ते २०१५ मध्ये नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायांवर अभ्यास झाला. काहींना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडानं, जास्तीत जास्त बारा वेळा. काहींना पिशवीचं तोंड उघडायला फोलीची फुगा-नळी. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायांचं प्रमाण गोळीनं ५७ टक्के, नळीनं ४७ टक्के. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज आपल्याकडे २५ ची तयार गोळी मिळते, कापायची गरज नाही.

आपल्या राज्याचा आकडाही सांगते. २००१–०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ आया दगावत होत्या. २०१८–२० मध्ये ३३. यामागे रस्ते, रक्तपेढ्या, १०८ ची गाडी, दवाखान्यात होणारी बाळंतपणं असं सगळंच आहे. पण योग्य मात्रेत दिलेली औषधं हाही त्यातला एक धागा आहे.

मग भीती कशाची बाळगायची?

सासूबाईंनी शेवटी एक गोष्ट सांगितली ती आजवर मी ऐकली नव्हती. त्यांच्या माहेरच्या गल्लीत एका बाईला कळा मंद होत्या. फिरत्या डॉक्टरनं घरीच येऊन दंडात कळांचं इंजेक्शन दिलं, पैसे घेतले आणि निघून गेला. कळा एकावर एक आल्या. बाळ जन्मलं, पण रडलं नाही. "तेव्हापासून मला त्या इंजेक्शनाचं नाव नको वाटतं," त्या म्हणाल्या.

त्यांची भीती योग्य जागी होती, फक्त नाव चुकलं होतं. जीव गेला तो घरी, मोजमाप न करता, एकदम टोचून, आणि बाळाच्या ठोक्यांवर कुणाचं लक्ष नसल्यामुळे. बाळ पोटात असताना कळा वाढवायला ऑक्सिटोसिन दंडात टोचणं आज पूर्ण चुकीचं मानतात. तेच इंजेक्शन बाळ जन्मल्यावर मांडीत देतात, रक्त थांबावं म्हणून. ते बरोबर आहे.

पुतणीसाठी मी वहीत काही प्रश्न लिहिले. तुम्हीही आपल्या लेकी-सुनांसाठी लिहून ठेवा.

कारण काय? तारीख उलटून एक्केचाळीस आठवडे झाले, बीपी वाढलं, साखर आहे, पाणी गेलं पण कळा नाहीत, ही कारणं असतात. "मुहूर्त चांगला आहे" किंवा "रविवारी डॉक्टर गावाला जाणार आहेत" हे कारण नव्हे. मुहूर्ताचा हट्ट आपल्याकडूनही होतो, हे आपणच कबूल करूया.

आधी सिझेरियन झालं आहे का? असेल तर पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा. जुन्या टाक्यांवर मिसोप्रोस्टॉल देत नाहीत. गर्भाशय तिथे फाटू शकतं.

बाळाचे ठोके कोण आणि किती वेळानं ऐकणार? औषध चालू असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकले पाहिजेत. ड्रिपला कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर लगेच नर्सला हाक मारायची. त्या वेळी ड्रिप थांबवतात. ड्रिपची चावी आपण नातेवाइकांनी कधीही हलवायची नाही, "लवकर होऊ दे" म्हणून तर मुळीच नाही.

गरज पडली तर सिझेरियन आणि रक्त तिथेच मिळेल का? नसेल तर आधीच मोठ्या ठिकाणी जा. आपल्याकडे पावसाळ्यात तर नदी पार करण्याआधीच हा विचार करा.

आणि धीर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत बाई हळूहळू पुढे जाते. तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशेब प्रत्येकीला लावू नये. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर वाट पाहणं हाही उपचार आहे. सासूबाईंचं "फळ पिकू दे" हे वाक्य या अर्थानं पुन्हा मान्यवर झालं आहे.

एक आपल्या घरचा प्रश्न राहिला : रात्री पाणी न घेण्याचा नियम असेल तर? गोळी दर दोन तासांनी घ्यायची, रात्र मध्ये येणारच. आपल्यात बऱ्याच जणी नियम घेतानाच औषध-पाण्याची सूट ठेवतात. ज्यांनी ठेवली नसेल त्यांनी दिवस भरायच्या आधीच महाराजांना किंवा माताजींना विचारून घ्यावं. ऐन कळांमध्ये हा प्रश्न उभा राहू नये.

सोमवारी पुतणीला दाखल केलं. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. तिसऱ्या गोळीनंतर संध्याकाळी कळा धरल्या. रात्रभर त्या णमोकार मंत्र म्हणत बसल्या होत्या आणि मधूनमधून नर्सला विचारत होत्या, "बाई, ठोके ऐकलेत का?" दर वेळी नर्सनं हसून कानाला यंत्र लावलं. पहाटे मुलगी झाली, आणि चांगली मोठ्यानं रडली.

तुमच्या घरात याबद्दल काही अनुभव असेल तर मला जरूर कळवा. जय जिनेंद्र.